लेकीची तपासणी मराठीतून

न्यू जर्सीच्या सरकारी शाळेत मुलाचं नाव घालताना ऑनलाइन फॉर्मवर एक प्रश्न असतो: मूल सगळ्यात आधी कोणती भाषा बोलायला लागलं? आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, यादीत गुजराती, हिंदी, तेलुगू, तमिळ होत्या. मराठी नव्हती. मी ‘इतर’ निवडून पुढे मराठी लिहिलं. शाळेच्या दप्तरात त्याचं हिंदी कसं झालं ते शेवटपर्यंत कोणाला सांगता आलं नाही, पण त्या नोंदीपायी आमचे बरेच महिने गेले.

लेक तेव्हा किंडरगार्टनमध्ये होती. ठाण्याहून इथे आलो तेव्हा ती चार वर्षांची. बोलायला उशीर होताच. ठाण्याच्या डॉक्टरांनी ‘बोलेल हो, घाई कसली’ म्हणून सोडून दिलं होतं. इथल्या टीचर चांगल्या होत्या, पण त्यांनीही तेच इंग्रजीत सांगितलं. पझल वर्गात सगळ्यांच्या आधी लावते, मात्र दोन गोष्टी एकदम करायला सांगितल्या तर गोंधळते. इंग्रजी नवीन आहे, वर्षभर वाट पाहू. आम्ही दोघं मान डोलावून घरी आलो. माझी आई तेव्हा इथेच होती. तिने नाशिकला बरीच वर्षं बालवाडी चालवलेली. ती म्हणाली, “इंग्रजी नवीन आहे, कबूल. पण मराठी तर नवीन नाही ना? मराठीत तरी कुठे दोन वाक्यं जोडते ती?”

सगळी प्रक्रिया या एका प्रश्नाभोवती फिरली. मूल बोलत नाही ते भाषा परकी आहे म्हणून, की भाषा नावाची गोष्टच त्याला जड जाते म्हणून? दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्याला इंग्रजीचा जादा तास पुरतो, दुसऱ्याला तो कितीही दिला तरी फरक पडत नाही.

ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंचा मुलगा डाउन सिंड्रोमचा आहे, आता कॉलेजवयाचा. त्यांनी मला कॉफीच्या मशीनपाशी पाच मिनिटांत जे सांगितलं ते नंतर वाचलेल्या कुठल्याही माहितीपेक्षा कामाचं निघालं. टीचरशी बोलणं मोजत नाहीत. डिस्ट्रिक्टच्या स्पेशल सर्व्हिसेसच्या संचालकांना लेखी पत्र द्यायचं, मुलीला शिकण्यात अडथळा असल्याची शंका आहे, पूर्ण तपासणी करावी, एवढंच त्यात लिहायचं, आणि पोच घ्यायची. दिवस त्या पोचेच्या तारखेपासून मोजतात. न्यू जर्सीच्या नियमात पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत बैठक घ्यावी लागते. तपासणीला पालकांनी संमती दिली की तिथून ९० दिवसांत तपासण्या, विशेष शिक्षणासाठी पात्रतेचा निर्णय आणि मूल पात्र ठरलं तर त्याचा शैक्षणिक आराखडा लागू करणं, सगळं व्हायला हवं.

पत्र दिल्यावर पालकांच्या हक्कांची एक सरकारी पुस्तिका हातात आली. ऑफिसच्या ट्रेनमध्ये वाचायला घेतली. भाषा रुक्ष, वकिली. पण वाचता वाचता लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक पानावर पालक आहेत. पालकांना लेखी कळवल्याशिवाय हे करता येणार नाही, पालकांच्या संमतीशिवाय ते करता येणार नाही, पालकांना कागद बघायचा हक्क आहे, न पटल्यास सुनावणी मागायचा हक्क आहे. मुलीने अमुक इतकं शिकलंच पाहिजे असं मात्र कुठेही नाही. मला हे विचित्र वाटलं. ‘शिक्षक म्हणतील तसं’ हे ऐकत मोठा झालेला मी. शिक्षणाचा कायदा आणि त्यात शिकवण्यापेक्षा विचारण्याबद्दलच इतकं कसं?

त्याचं उत्तर १९७०च्या आसपासच्या खटल्यांत सापडलं. रात्री लेक झोपल्यावर मी ते वाचत बसायचो आणि बायको हसायची की इंजिनिअरिंगला असा अभ्यास केला असतास तर.

१९७१ साली पेनसिल्व्हेनियात बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईबापांची संघटना राज्य सरकारविरुद्ध कोर्टात गेली. संघटनेच्या आद्याक्षरांवरून तो खटला ‘पार्क’ म्हणून ओळखला जातो. ज्या मुलाचं मानसिक वय पाच वर्षांचं झालेलं नाही त्याला शाळेने प्रवेश नाकारावा, अशी त्या राज्याच्या कायद्यातच सोय होती. म्हणजे शिकता येत नाही म्हणून शिकवायचं नाही. थॉमस गिलहूल या वकिलांनी १९५४च्या ब्राऊन निकालाचा धागा पकडला. काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत ठेवणं घटनेत बसत नसेल, तर या मुलांना शाळेबाहेरच ठेवणं कसं बसतं? तज्ज्ञांच्या साक्षी सुरू झाल्या आणि सरकार तडजोडीला आलं. मोफत शिक्षण सगळ्यांना, आणि मुलाला एका वर्गातून दुसरीकडे हलवायचं तर आधी आईबापांना नोटीस आणि सुनावणी. त्याच वर्षी राजधानी वॉशिंग्टनमध्ये सात मुलांच्या वतीने दुसरा खटला उभा राहिला, ‘मिल्स’. तिथल्या शाळा मंडळाने सांगितलं, पैसे नाहीत. न्यायाधीश जोसेफ वॉडी यांनी तो बचाव मानला नाही. पैसे अपुरे असतील तर आहेत ते असे वाटा की एकही मूल पूर्ण बाहेर राहणार नाही, टंचाईचा भार अपंग मुलांवरच जास्त पडता कामा नये, असा त्या निकालाचा आशय.

या दोन निकालांतली नोटीस, सुनावणी ही सगळी यंत्रणा उचलून अपंग मुलांच्या शिक्षणाच्या १९७५च्या केंद्रीय कायद्यात ठेवली गेली. तेव्हा संसदेपुढे आलेली गणती अशी होती: देशात ८० लाखांहून जास्त अपंग मुलं, निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण नाही, आणि १० लाख मुलं सरकारी शाळांच्या पूर्ण बाहेर. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी जेराल्ड फोर्ड यांनी सही केली, तीही कुरकुरत. केंद्र सरकारला पेलणार नाही इतकं हा कायदा कबूल करतो, असं त्यांनी सहीबरोबरच्या निवेदनात म्हटलं. १९९०मध्ये कायद्याचं नाव बदललं आणि तेव्हापासून सगळे त्याला ‘आयडिया’ म्हणतात. ज्यांच्या घरात असं मूल नाही त्यांनी हे नाव बहुधा ऐकलेलंही नसतं.

पहिल्या बैठकीला टेबलापलीकडे चाइल्ड स्टडी टीम होती: शाळेच्या मानसशास्त्रज्ञ, लर्निंग कन्सल्टंट, सोशल वर्कर. प्रश्न भाषेचा म्हणून स्पीच थेरपिस्टही. सगळ्या सौम्य, हसतमुख. एकीने सुचवलं, एवढी मोठी तपासणी कशाला, त्यापेक्षा ५०४ प्लॅन करू या का? ऐकायला बरं वाटलं. टीचर पुढच्या बाकावर बसवतील, सूचना चित्रांतून देतील. हा प्लॅन १९७३च्या वेगळ्या कायद्यातल्या कलम ५०४ खाली येतो. त्या कलमाचीही गोष्ट आहे. कायदा झाला तरी त्याचे नियम सरकार काढेना, तेव्हा १९७७च्या एप्रिलमध्ये अपंग कार्यकर्ते सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत ठाण मांडून बसले आणि महिनाअखेरीला नियमांवर सही झाली तेव्हाच हलले. त्यांच्या पुढाऱ्यांतल्या ज्युडिथ ह्यूमन यांना लहानपणी ब्रुकलिनच्या शाळेने दारातून परत पाठवलं होतं, व्हीलचेअर आहे, आग लागली तर अडथळा होईल म्हणून. मला या कलमाबद्दल आदर आहे. पण त्यातून आमच्या लेकीला सोयी मिळाल्या असत्या, तिच्यासाठी आखलेलं शिक्षण मिळालं असतं असं नाही. शिवाय अडचण काय आहे ते तपासल्याशिवाय सोयी तरी कुठल्या ठरवायच्या? आम्ही तपासणीच मागितली.

संमतीचा फॉर्म पुढे आला. वरच्या कोपऱ्यात मातृभाषा: हिंदी. दुभाष्या: हिंदी, व्यवस्था झाली आहे.

मी म्हटलं, आमच्या घरात हिंदी बोलत नाहीत. केस मॅनेजर बाई गोंधळल्या. मुलीला हिंदी कळत असेल ना? टीव्हीवर वगैरे? त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्या लेखी भारत म्हणजे हिंदी, आणि मराठी म्हणजे त्याची गावठी आवृत्ती असावी. मराठी दुभाष्या मिळायला वेळ लागेल, असंही त्या म्हणाल्या. मी फॉर्मवर सही केली, पण भाषेची नोंद खोडून मराठी लिहिलं, बाजूला आद्याक्षरं टाकली आणि घरी येऊन तेच पत्रात लिहून पाठवलं.

पत्रात मी कायद्यातलं वाक्य उतरवलं होतं: तपासणी मुलाच्या मातृभाषेत, आणि त्याला काय येतं ते नेमकं कळेल अशा पद्धतीने व्हावी, ते उघडच अशक्य असेल तरच सूट. हे वाक्य १९७०च्या कॅलिफोर्नियाचं देणं आहे. तिथे माँटेरी काउंटीतल्या शेतमजुरांच्या वस्तीतली नऊ मेक्सिकन मुलं मतिमंदांच्या वर्गात बसवली होती. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या या मुलांची बुद्ध्यांक चाचणी इंग्रजीतून झाली होती. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासल्यावर त्यांतली बहुतेक मुलं त्या वर्गात बसत नाहीत असं निघालं. ‘डायना’ नावाने ओळखला जाणारा तो खटला समझोत्यावर मिटला: यापुढे मुलांना त्यांच्या पहिल्या भाषेतही तपासायचं. पाठोपाठ काळ्या मुलांच्या वतीने ‘लॅरी पी.’ खटला झाला, त्यात १९७९मध्ये न्यायाधीश पेकम यांनी काळ्या मुलांना अशा वर्गांत टाकण्यासाठी बुद्ध्यांक चाचण्या वापरायलाच बंदी केली. आमच्या घरी शेतमजुरी नाही, एच-वन व्हिसा आहे. तरी आमच्या पत्रातलं सगळ्यात बळकट वाक्य त्या मुलांचं होतं.

मराठी दुभाष्या मिळाल्या. एजन्सीतून आलेल्या काकू मूळच्या नागपूरच्या, गोड बोलणाऱ्या. लेक त्यांच्या मांडीवर जायचीच बाकी राहिली. थेरपिस्टनी मला खोलीत मागे बसू दिलं.

चित्र होतं: एक मुलगा, हातातलं आइस्क्रीम जमिनीवर, डोळ्यांत पाणी. लेक बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आइस्क्रीम पडली. तो रडते.”

काकूंनी इंग्रजीत सांगितलं: आइस्क्रीम पडलं आणि म्हणून तो रडतो आहे. व्यवस्थित, कारणासकट. थेरपिस्टनी लिहून घेतलं. मागे बसून मला दिसत होतं की लेकीचं वाक्य इंग्रजीत जाताना बरं होऊन जातंय. तिने दोन तुटके तुकडे टाकले, काकूंनी प्रेमाने जोडून दिले. लिंगाची चूक तर इंग्रजीत दिसायचा प्रश्नच नाही, तिथे क्रियापदाला लिंग नाही. अशी दोन-तीन चित्रं गेल्यावर मी हात वर केला.

थेरपिस्ट हुशार होत्या. त्यांना लगेच कळलं. त्यांनी काकूंना सांगितलं, नीट करून देऊ नका. तुटलेलं असेल तर तुटलेलं सांगा, आणि मराठीत चुकलं असेल तर काय चुकलं तेही सांगा. मग पेन ठेवून विचारलं, पाच वर्षांच्या मराठी मुलीने असं बोलणं बरोबर आहे का?

इथे गंमत झाली. काकू म्हणाल्या, “आता ‘तो रडते’ म्हणाल, तर आमच्याकडे असंच म्हणतात. तो जाते, तो येते.” आणि ते खरंच आहे. वऱ्हाडी-नागपुरीत पुरुषालाही तेच रूप लागतं. म्हणजे नागपूरच्या मुलीच्या तोंडी जे वाक्य अगदी शुद्ध, ते ठाण्याच्या मुलीच्या तोंडी अडचणीची खूण असू शकतं. थेरपिस्टचे डोळे चमकले. त्यांनी विचारलं, घरात कोण असं बोलतं? कोणीच नाही. आजी नाशिकची, आईबाप ठाण्याचे. तिने ते कुठून ऐकलेलं नव्हतं.

मग त्यांनी एक काम दिलं. तिच्याच वयाचं, तुमच्याच घरातलं, तशीच मराठी ऐकत वाढलेलं दुसरं मूल आहे का? नाशिकला माझ्या भावाची मुलगी आहे, दोन महिन्यांनी लहान. आईने रात्री फोन लावून वहिनीला चित्रांचे फोटो धाडले. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग आलं. पुतणीने त्या आइस्क्रीमच्या चित्रावर श्वास न घेता गोष्ट रचली होती: त्याला मोठ्या मुलाने धक्का दिला म्हणून त्याचं आइस्क्रीम पडलं, आता तो आईला नाव सांगेल आणि आई त्याला दुसरं घेऊन देणार नाही कारण थंडी आहे. आई ते ऐकून हसली आणि हसता हसता गप्प झाली. काकूंनी दोन्ही रेकॉर्डिंगं शब्दशः उतरवून, खाली चुकांच्या खुणा करून दिली. हे त्यांच्या कामात धरलेलं नसावं, पण त्यांनी केलं.

अहवाल बैठकीच्या निदान दहा दिवस आधी पालकांच्या हातात पडावा लागतो. तसा पडला. थेरपिस्टनी मराठीत भाषांतर करून घेतलेल्या प्रश्नांना गुणच दिले नव्हते. त्याचं कारणही लिहिलं होतं: चाचणीची प्रमाणं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून ठरवलेली आहेत, भाषांतर केलं की ती लागू होत नाहीत. त्याऐवजी पानंच्या पानं वर्णन होतं. दोन्ही भाषांत वाक्य जोडता येत नाही, दोन्ही भाषांत सूचनेचा दुसरा भाग निसटतो, दोन्ही भाषांत शब्द आठवायला वेळ लागतो. मानसशास्त्रज्ञ बाईंनी शब्द न वापरणारी चाचणी घेतली होती, त्यात लेक वयाच्या पुढे होती. हिंदीतून तपासणी झाली असती तर काय निघालं असतं याचा विचार मी करत नाही. बहुधा काहीच नाही, किंवा नको ते सगळं.

पात्रतेची बैठक लवकर आटोपली. न्यू जर्सीच्या नियमातला प्रकार ‘कम्युनिकेशन इम्पेअरमेंट’. बायको परत येताना गाडीत बोलली नाही. ठाण्याहून सासूबाईंचा फोन आला, असलं नाव कागदावर लागलं की चिकटतं, कशाला लावून घेतलंत? त्यांच्या भीतीला मी हसणार नाही. पण हे नाव लागल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही, अशीच इथली रचना आहे.

पुढचं दार म्हणजे आयईपी, लेकीसाठीचा लेखी शैक्षणिक आराखडा. अमेरिकेत २०२२-२३मध्ये ७५ लाखांच्या आसपास मुलं या कायद्याखाली होती, सरकारी शाळांतल्या साधारण १५ टक्के, आणि प्रत्येकाचा असा आराखडा असतो. खरी ओढाताण इथे झाली.

मसुद्यात एक उद्दिष्ट होतं: चित्र बघून दोन शब्दांचं वाक्य दहापैकी सहा वेळा बोलेल. हे तर ती आत्ताही करते, बायको म्हणाली. मग वर्षभर काय शिकणार? उत्तर आलं की उद्दिष्ट गाठता येण्यासारखं हवं. हा वादही जुना आहे. एमी रोली ही न्यूयॉर्क राज्यातली ऐकू न येणारी मुलगी, ओठ वाचून वर्गात टिकून होती. वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषा द्यावा अशी तिच्या आईवडिलांची मागणी होती, तेही दोघं बहिरे. १९८२मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी नकार दिला. मूल वरच्या वर्गात जातंय, म्हणजे काहीतरी लाभ होतोय, कायदा याहून जास्त मागत नाही. पुढे काही कोर्टांनी ते ‘काहीतरी’ घासून घासून नावापुरतं केलं. कोलोराडोच्या एका स्वमग्न मुलाचा ‘एंड्र्यू एफ.’ खटला २०१७मध्ये आला तेव्हा कुठे सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की नावापुरती प्रगती म्हणजे शिक्षण नव्हे, उद्दिष्ट मुलाच्या परिस्थितीत पुरेसं महत्त्वाकांक्षी हवं. सुप्रीम कोर्टासाठी ज्यांचं नाव सुचवलं गेलं होतं ते न्यायाधीश नील गॉर्सच त्या दिवशी सिनेटच्या समितीपुढे उत्तरं देत बसले होते. ‘नावापुरत्या’हून जरासं जास्त म्हणजे पुरे, हे मोजमाप त्यांच्याच जुन्या निकालात होतं. सुनावणी चालू असताना निकाल आला आणि सिनेटरांनी त्यांना त्यावरच गाठलं. मी हे सगळं बैठकीत बोललो नाही. २०१७चा निकाल आम्हाला माहीत आहे, एवढंच म्हणालो. उद्दिष्ट बदललं: एखादी घटना कारणासकट तीन वाक्यांत सांगेल.

दुसरा मुद्दा वर्गाचा. टीमचा प्रस्ताव होता की लेकीला डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या शाळेतल्या विशेष वर्गात बसने पाठवावं, कारण तो प्रोग्राम तिथे आहे. वर्ग बघून आलो. आठ मुलं, दोन टीचर, सगळं छान. पण आठांतली बहुतेक मुलं लेकीहूनही कमी बोलणारी. जिला बोलायला शिकायचंय तिने ऐकायचं कोणाचं?

इथे मात्र न्यू जर्सीचाच एक निकाल आमच्या बाजूने होता. क्लेमेंटन गावच्या रफाएल ओबर्टी या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला त्याच्या शाळेने किंडरगार्टननंतर दूरच्या वेगळ्या वर्गात पाठवायचं ठरवलं. आईवडील लढले. १९९३मध्ये फेडरल अपील कोर्टाने म्हटलं की शाळेने आधी दाखवावं, नेहमीच्या वर्गात मदत देऊन खरोखर प्रयत्न केला का, आणि मगच बाहेर काढण्याची भाषा करावी. आम्ही एकच प्रश्न विचारला: तिच्या आत्ताच्या वर्गात कोणती मदत देऊन बघितली? टेबलाभोवती शांतता पसरली, कारण काहीच दिलेली नव्हती. आम्ही सही न करता उठलो. पहिला आयईपी पालकांच्या लेखी संमतीशिवाय लागूच होत नाही.

पुढच्या बैठकीत मधला मार्ग निघाला. शाळा तीच, वर्ग तोच, रोज काही तास वर्गात दुसरी टीचर, आठवड्याला तीन स्पीच सेशन, त्यांतलं एक एकटीचं. पूर्ण वेळ मदतनीस मागितली होती, ती मिळाली नाही. इंग्रजीचा जादा तास चालू राहावा हे मात्र आम्हाला पुन्हा लेखी मागावं लागलं. दोन्ही एकत्र देता येत नाहीत असा शाळेतल्याच एकीचा समज होता. तो चूक आहे.

मंडळाच्या गणपतीत लोक मला आता बाजूला घेऊन विचारतात, आणि मी पत्राचा मसुदा पाठवून देतो. पण एक गोष्ट टोचते. हे सगळं जमलं कारण मला इंग्रजीत पत्र लिहिता येतं, दुपारी बैठकीला सुट्टी मिळते आणि घरात बालवाडीची बाई होती. आमच्याच शाळेत रेस्टॉरंटच्या किचनमध्ये दोन पाळ्या करणाऱ्यांची मुलं आहेत. कायदा त्यांनाही तेवढेच हक्क देतो, पण ते वापरायला रिकामी दुपार लागते. सुनावणीपर्यंत गेलं तर वकील महाग. २००६मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खटला जिंकला तरी पालकांना आपल्या तज्ज्ञांची फी परत मिळणार नाही. पुढच्या वर्षी त्याच कोर्टाने आईबापांना वकिलाशिवाय स्वतः फेडरल कोर्टात उभं राहायची मुभा दिली, ती बहुधा उतारा म्हणून नव्हे. न्यू जर्सीत निदान सुनावणीत आपलं बरोबर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी शाळेवर आहे, २००८पासून. आणि पैशांचं म्हणाल तर फोर्ड फार चुकले नव्हते. अशा प्रत्येक मुलाच्या जादा खर्चापोटी देशातल्या सरासरी दर विद्यार्थी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्र देईल असं १९७५मध्ये ठरलं होतं. अलीकडे ती त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. उरलेला भार राज्यांवर आणि गावाच्या घरपट्टीवर. म्हणून टेबलापलीकडच्या बायका हसतमुख असूनही हात आखडता घेतात. त्यांच्या वरच्याने त्यांना आकडा दिलेला असतो.

भाऊ नाशिकहून विचारतो, आपल्याकडे असं का नाही? कायदा आपल्याकडेही आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले, त्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्वही आलं. सर्वसमावेशक शिक्षण द्यावं हेही त्यात स्पष्ट आहे. पण मुलामागे एक लेखी आराखडा, त्यावर आईबापांची संमती, ठरलेले दिवस आणि न पटल्यास नकार, ही साखळी त्यात अशी बांधलेली नाही. प्रमाणपत्र मिळतं, पण ते घेऊन टेबलाशी बसायची खुर्ची मिळत नाही. भाऊ म्हणाला, खुर्ची दिली तरी आपण ‘सर, तुम्हीच ठरवा’ म्हणू. मी त्यावर वाद घातला नाही.

लेक आता दुसरीत आहे. कारणासकट तीन वाक्यं इंग्रजीत येतात, मराठीत कधी येतात कधी नाही. आजीशी फोनवर बोलताना ‘तो’ आणि ‘ती’ची अजून अदलाबदल होते. या वर्षीच्या आढाव्याआधी शाळेने कळवलंय की प्रगती चांगली आहे, स्पीच सेशन तीनवरून एकावर आणू. प्रगती चांगली आहे हे आम्हालाही दिसतं. ती सेशनमुळेच आहे की सेशनशिवायही टिकेल, हे त्यांच्या कागदात नाही, म्हणून मी वर्षभराच्या नोंदींची प्रत मागितली आहे. नोटीस हातात पडली की पंधरा दिवस असतात. तेवढ्यात मध्यस्थीचा अर्ज दिला, तर वाद मिटेपर्यंत जुनाच आराखडा चालू ठेवावा लागतो. अर्ज भरून ठेवला आहे, तारखेची जागा कोरी सोडून.